एको नॉर्मल, हृदय मात्र नाही: इओसिनोफिलचा पूर आणि रक्तवाहिन्यांच्या दाहाचं एक प्रकरण

ऑगस्टमधल्या एका सोमवारी ३८ वर्षांची एक बाई नवऱ्याचा हात धरून माझ्या बाह्यरुग्ण विभागात आली. गाव वर्धा जिल्ह्यातलं, व्यवसाय शिवणकामाचा. नाव इथे देत नाही. तिला बोलताना धाप लागत होती, पण ती सांगायला आली होती वेगळंच. "मॅडम, उजव्या पायातली चप्पल कधी गळून पडते, मालेच समजत नाही. पोरगा मांगून उचलून आणते." पंधरा दिवसांपासून शिलाई मशीनचं पायडल दाबलं जात नव्हतं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. छातीत दुखतं का, असं विचारलं तर ती म्हणाली, "नाही, छातीचं काही नाही. दमा आहे फक्त."

हा दमा तिला लहानपणी नव्हता. तो तिसाव्या वर्षानंतर, ३३व्या वर्षी सुरू झाला आणि दरवर्षी वाढत गेला. घरात कापूस साठवलेला असायचा, म्हणून दोष कापसाच्या धुळीला दिला गेला. ३५व्या वर्षी नाकात वाढलेलं मांस शस्त्रक्रियेने काढलं, वर्षभरात ते परत आलं. दोन वर्षांत पाच-सहा वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या आठवडाभर घेऊन झाल्या होत्या. गोळ्या सुरू असेपर्यंत ती ठणठणीत असायची, थांबल्या की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मोठेपणी सुरू झालेला, नाकातल्या मांसासोबत आलेला आणि स्टेरॉइडशिवाय न निभणारा दमा दिसला की त्या रुग्णाची एक साधी रक्तगणना नीट वाचावी, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. तिची गणना मार्चमध्ये झाली होती. इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत आणि जंतांमुळे वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५,४००. त्या ५००च्या आत असाव्यात.

हेट्राझानची चिठ्ठी

विदर्भात हा आकडा पाहिला की डॉक्टरांना आधी हत्तीरोगाचा जंतू आठवतो, आणि त्यात काही चूक नाही. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा हत्तीरोगाचा पट्टा. या जंतूविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया फुफ्फुसात पेटली की रात्री खोकला, धाप आणि रक्तात तीन हजारांहून जास्त इओसिनोफिल असं चित्र दिसतं. आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामात फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन यांनी १९४० मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांना क्षय समजलं जात होतं पण क्षय नव्हता. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी या आजाराला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिलं. हेट्राझान हे हत्तीरोगावरचं औषध तीन आठवडे दिलं की बहुतेक रुग्ण पहिल्या पंधरवड्यातच मोकळा श्वास घेऊ लागतात.

तिनेही २१ दिवस गोळ्या घेतल्या. इओसिनोफिल ५,४०० वरून ४,८०० वर आले आणि धाप तशीच राहिली. प्रकरण खरं तर इथे वळायला हवं होतं. औषध लागू पडलं नाही, म्हणजे निदान पुन्हा तपासायचं. त्याऐवजी 'जुनाट ॲलर्जी' असा शेरा पडला आणि पाच महिने गेले. जुलैत धाप वाढली म्हणून एका ठिकाणी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला गेला. फाइलमधला तो अहवाल मी त्या सोमवारी वाचला: इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के, नॉर्मल स्टडी. वाचला आणि मीसुद्धा पान उलटलं.

मला परत त्या पानावर आणलं तिच्या नाडीने. अर्धा तास बाकावर बसून राहिलेल्या बाईची नाडी १०४ होती. दम्याचा पंप घेतला की नाडी वाढते, म्हणून विचारलं, तर पंप आदल्या रात्रीनंतर घेतलाच नव्हता. ताप नाही म्हणण्याइतका. हिमोग्लोबिन १०.८, त्यानेही एवढी धावपळ होत नाही. पायावर सूज नव्हती, मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. ईसीजीत हृदयाच्या डाव्या बाजूच्या लीड्समध्ये, व्ही-४ ते व्ही-६ मध्ये, टी लहरी उलट्या. त्याच रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, जोडून पाठवलं. संध्याकाळी फोन आला: ४१२, आणि त्या प्रयोगशाळेची स्त्रियांसाठीची मर्यादा १६. हृदयावरचा ताण दाखवणारं एनटी-प्रोबीएनपी १,१४०. इओसिनोफिल आता ७,२२४ वर पोचले होते.

आजाराचं नाव

दमा, नाकातलं मांस, इओसिनोफिलचा पूर आणि एकाच वेळी दूरदूरच्या दोन नसा निकामी. पायाचा पंजा लटकणं आणि हाताची करंगळी बधिर होणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, जोवर दोन्हीकडे नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजत नाहीत तोवर. या आजाराला आज इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस म्हणतात. आम्ही रोजच्या बोलण्यात ईजीपीए. २०१२ पर्यंत तो चर्ग-स्ट्रॉस सिंड्रोम म्हणून ओळखला जायचा. न्यूयॉर्कमधल्या जेकब चर्ग आणि लोटे स्ट्रॉस या दोन विकृतिशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये १३ रुग्णांवरून तो मांडला, आणि त्यांच्या निरीक्षणांचा मोठा भाग शवविच्छेदनातला होता. हृदयाचा सहभाग तेव्हा मृत्यूनंतर कळायचा. हे वाक्य लिहितानाही माझ्या मनात त्या सोमवारचं उलटलेलं पान येतं.

२०२२च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दम्याला ३, नाकातल्या मांसाला ३, अनेक नसांच्या विकाराला १ आणि हजाराच्या वर इओसिनोफिल असल्यास ५ गुण मिळतात. ६ गुणांना आजार मानतात, तिचे १२ झाले. तरी गुणांवर विसंबून राहिलो नाही. विष्ठेचे तीन नमुने, हत्तीरोगाच्या तपासण्या, रक्ताच्या कर्करोगाशी निगडित जनुकीय तपासणी असं सगळं करून घेतलं. त्यात काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पायाच्या बधिर भागातल्या नसेचा तुकडा काढला. त्यात वाहिनीच्या भिंतीत शिरलेले इओसिनोफिल सापडले.

एएनसीए ही प्रतिपिंडांची तपासणी मात्र नकारात्मक आली. ती पाहून आमच्या निवासी डॉक्टरने विचारलं, "मॅडम, मग हे ऑटोइम्यून म्हणायचं का?" म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेला आजार. म्हणायचं. ईजीपीएच्या रुग्णांपैकी साधारण ३० ते ४० टक्क्यांतच एएनसीए सापडतं. आणि सापडत नाही त्या गटात हृदय बाधित होण्याचं प्रमाण जास्त असतं. एएनसीए असलेल्यांत मूत्रपिंड, नसा आणि त्वचा पुढे असतात. नसलेल्यांत इओसिनोफिल स्वतः जाऊन ऊतींत बसतात. त्यामुळे ज्या अहवालाने आजार 'सौम्य' वाटतो, तोच हृदयाकडे बघायला सांगत असतो. या आजारात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदय आहे.

एकोला जे दिसत नव्हतं

इओसिनोफिलच्या आत काही प्रथिनं भरलेली असतात, जी मुळात जंतांना मारण्यासाठी बनलेली आहेत. हृदयाच्या आतल्या अस्तरात ती सांडली की स्नायूच्या पेशी जळतात. आधी दाह, मग त्या खरबरीत झालेल्या अस्तरावर रक्ताची गुठळी, आणि शेवटी चट्टा पडून कडक झालेलं हृदय. हे तीन टप्पे एकमेकांत मिसळतात, पण क्रम बहुधा हाच.

इजेक्शन फ्रॅक्शन हा आकडा एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तेवढंच सांगतो. हृदयाच्या भिंतीत स्नायूंचे धागे थरांत विणलेले असतात. आतल्या थरातले धागे बहुतांशी उभे, मधल्या थरातले गोलाकार. आतला थर दुखावला तरी मधला थर पिळून काढण्याचं काम सांभाळून घेतो आणि आकडा ६० वर टिकतो. म्हणून आम्ही एको पुन्हा केला आणि या वेळी स्ट्रेन मोजायला सांगितलं, म्हणजे भिंत लांबीच्या दिशेने किती आखडते ते. निरोगी हृदयात हा आकडा उणे २०च्या आसपास असतो. तिचा उणे १३.२, आणि टोकाकडे सगळ्यात वाईट. इजेक्शन फ्रॅक्शन ५७. हृदयाभोवती पाण्याची अगदी पातळ रेघ. गुठळी दिसली नाही.

संध्याकाळी तिला आणि तिच्या नवऱ्याला हे समजावताना मला फार शोधावं लागलं नाही. "ताई, ब्लाउजचं कापड वरून ठीक आहे, अस्तर आतून विरत चाललंय. वरून हात फिरवून ते कळत नाही. उसवल्याशिवाय आतलं दाखवणारं एक यंत्र आहे." ती लगेच म्हणाली, "मंग दाखवा."

एमआरआय तिसऱ्या दिवशी झाला. स्टेरॉइड तोवर थांबवून ठेवलं, कारण ते सुरू झालं की दाहाच्या खुणा काही दिवसांत पुसट होतात. पण याचा नियम करू नये. रक्तदाब घसरत असेल, ठोके बिघडत असतील, तर औषध आधी आणि चित्र नंतर. तिची स्थिती तेवढं थांबण्याइतकी स्थिर होती आणि ती रात्रभर मॉनिटरवर होती.

दम्याच्या रुग्णाचा हृदयाचा एमआरआय काढणं हे तंत्रज्ञाच्या संयमाचं काम आहे. बारा-पंधरा सेकंद श्वास सोडून थांबायचं, असं पुन्हा पुन्हा, जवळजवळ ५० मिनिटं. आदल्या रात्री आणि सकाळी वाफ दिली, तरी दोन वेळा खोकल्याने चित्रं हलली. तंत्रज्ञाने तिच्याबरोबर बाहेरच आठ-दहा वेळा तालीम केली होती, त्याचा उपयोग झाला. मंगळसूत्र तिने स्वतः काढून नवऱ्याच्या खिशात ठेवलं. पायातली जोडवी मात्र वर्षानुवर्षांची, साबण लावून निघाली. आणखी एक सांगायला हवं: हृदयाच्या रक्तपुरवठ्यासाठी ॲडेनोसिन देऊन जी ताणाची तपासणी करतात, ती आम्ही मागितली नाही. ॲडेनोसिनने दमा उसळू शकतो. हृदयाच्या धमन्या नंतर सीटी अँजिओग्राफीने पाहिल्या. तिथेही नाडी कमी करायला नेहमीचा बीटा-ब्लॉकर दम्यामुळे टाळून इव्हाब्रॅडिन वापरलं. धमन्या स्वच्छ होत्या.

अहवालातले आकडे असे. टी-२ मॅपिंग, म्हणजे स्नायूत पाणी किती साचलंय याचं माप, टोकाकडे ५८ मिलिसेकंद. आमच्या यंत्रावर ५२ पर्यंत ठीक मानतो. टी-१ चा आकडा १,१२०, मर्यादा १,०४०. पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण ३४ टक्के, जे पंचविशीच्या आसपास असावं. २०१८च्या सुधारित लेक लुईस निकषांनुसार टी-२ चा एक आणि टी-१ चा एक असे दोन्ही पुरावे मिळाले की स्नायूदाह म्हणता येतो, आणि इथे दोन्ही होते. यंत्र बदललं की हे आकडे बदलतात, म्हणून ते दुसऱ्या केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत.

पण माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे ते गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं रंगद्रव्य दिल्यानंतर दहा मिनिटांनी घेतलेलं चित्र. निरोगी स्नायू काळा दिसतो, दुखावलेला पांढरा. तिच्या डाव्या जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या, आतल्या कडेने, टोकापासून मध्यापर्यंत, पांढरी किनार गोल फिरली होती. हृदयविकाराच्या झटक्यातही आतला थरच आधी मरतो, पण तो एखाद्या धमनीच्या हद्दीत. विषाणूमुळे होणाऱ्या दाहात पांढरे डाग बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या थरात असतात. इथे किनार धमन्यांच्या हद्दी ओलांडून गेली होती. आणि टोकाला, त्या पांढऱ्या किनारीला चिकटून, ९ बाय ६ मिलिमीटरचा एक काळा ठिपका. गुठळीत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे गॅडोलिनियम तिच्यात शिरत नाही आणि ती काळीच राहते. आमच्या रेडिओलॉजिस्टने तो ठिपका बोटाने दाखवला तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. हीच गुठळी सुटून मेंदूत गेली असती.

ठरवलेले उपचार

हृदयाचा पुरावा नसता तर तिच्या नसांसाठी आणि फुफ्फुसांसाठी आम्ही उपचार केलेच असते, पण स्टेरॉइडसोबत काय द्यायचं यावर विचार करायला वेळ घेतला असता. हृदय बाधित असणं हा या आजारात वाईट भवितव्याचा घटक मानला जातो, १९९६च्या पाच घटकांच्या मोजणीतही आणि नंतरच्या सुधारित मोजणीतही. एमआरआयने निर्णय दोन बाजूंनी बदलला: प्रतिकारशक्ती दाबणारं जोरदार औषध सायक्लोफॉस्फामाइड लगेच, आणि रक्त पातळ करणारं औषध लगेच.

स्टेरॉइडआधी दोन दिवस आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध दिलं होतं. विष्ठेच्या तपासणीत स्ट्राँगिलॉइडिस जंत सहज हुलकावणी देतो आणि मोठ्या मात्रेतल्या स्टेरॉइडखाली तो शरीरभर पसरून जीव घेऊ शकतो. शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसांत ही काळजी घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. मग मिथाइलप्रेडनिसोलोन ७५० मि.ग्रॅ. रोज, तीन दिवस; त्यानंतर ५० मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन. वजन ५१ किलो, म्हणून सायक्लोफॉस्फामाइड ७५० मि.ग्रॅ. शिरेतून, पहिले तीन डोस दोन-दोन आठवड्यांनी, पुढचे तीन तीन-तीन आठवड्यांनी. पाळी कायमची जाऊ शकते हे आधी बोलून घेतलं. दोन मुलं होती, तिने आणि नवऱ्याने रात्रभर विचार करून होकार दिला. नसेच्या बायोप्सीची जखम पाहून रक्त पातळ करणारं हेपारिन आणि पाठोपाठ त्याच कामाचं वॉरफरिन. हृदयाला आधार म्हणून लोसार्टनची छोटी मात्रा. एसीई इन्हिबिटरने येणारा कोरडा खोकला तिच्या दम्यात वेगळा ओळखता आला नसता.

चौथ्या दिवशी इओसिनोफिल १२० वर आले. दोन आठवड्यांनी ट्रोपोनिन ३८.

त्याच सुमारास आमच्याकडून एक चूक झाली. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाला फुफ्फुसाचा संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल देतात, तसं तिलाही सुरू केलं. हे औषध वॉरफरिनचा परिणाम वाढवतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण चिठ्ठी लिहिताना वॉरफरिनची मात्रा कमी केली गेली नाही. हिरड्यांतून रक्त येतंय असं तिने फोनवर सांगितलं, रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आयएनआर ५.१ निघाला. तो २ ते ३ हवा. दोन दिवस वॉरफरिन बंद ठेवून मात्रा कमी केली, पुढे दर आठवड्याला तपासणी. तिने विचारलं, "मेथी-पालक खाऊ का नको?" या भाज्यांनी वॉरफरिनचा परिणाम बदलतो. खा, पण रोज जेवढी खाता तेवढीच, कधी एकदम जास्त आणि कधी अजिबात नाही असं नको.

पुढचे महिने

चार महिन्यांनी दुसरा एमआरआय झाला. टी-२ ४९ वर, म्हणजे पाणी ओसरलेलं. गुठळी नाहीशी. इजेक्शन फ्रॅक्शन ६०, जुलैच्या त्या अहवालाइतकंच. तेव्हाचं ६० आणि आताचं ६० यांत केवढं अंतर आहे ते त्या आकड्याकडे बघून कोणाला सांगता येणार नाही. स्ट्रेन उणे १७ वर आलं होतं. पांढरी किनार बरीच विरली, तरी टोकाला एक पट्टी राहिली. तिथे चट्टा पडला आहे.

या पट्टीचं काय करायचं, हा प्रश्न मला अजून सतावतो. गॅडोलिनियमचा पांढरा रंग दाहातही येतो आणि जुन्या चट्ट्यातही. फरक करायला टी-२ आणि ट्रोपोनिन लागतात. आजार शांत असलेल्या, कसलीही तक्रार नसलेल्या ईजीपीए रुग्णांतही एमआरआयवर असे डाग सापडतात. अशा वेळी केवळ चित्र पाहून सायक्लोफॉस्फामाइडसारखं औषध देणं मला पटत नाही. तिच्या बाबतीत चित्र, रक्त आणि ईसीजी एकच गोष्ट सांगत होते, म्हणून निर्णय सोपा झाला. स्नायूचा तुकडा काढण्याची चर्चा झाली होती, पण तो उजव्या जवनिकेतून काढतात, दाह ठिकठिकाणी विखुरलेला असतो आणि हुकण्याची शक्यता बरीच. नसेच्या तुकड्याने निदान दिलेलंच होतं.

प्रत्येक एमआरआय केंद्रात हृदयाचं तंत्र नसतं आणि खर्चही पेलवणारा नसतो, हे मला माहीत आहे. पण ईसीजी आणि ट्रोपोनिन तालुक्यातही होतं. ल्युपस, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस किंवा ईजीपीए असे ऑटोइम्यून आजार असलेल्या रुग्णाची विश्रांतीतली नाडी शंभराच्या वर असेल तर हे दोन्ही त्याच दिवशी करावं. त्यातलं एक जरी बिघडलेलं निघालं तर 'एको नॉर्मल' या शब्दांवर रुग्णाला घरी पाठवू नये, स्ट्रेनसह एकोसाठी पुढे पाठवावं. तिचं ट्रोपोनिन जुलैतच पाहिलं गेलं असतं तर ती पट्टी कदाचित एवढी राहिली नसती.

सायक्लोफॉस्फामाइडचे सहा डोस पुरे झाल्यावर ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं सौम्य औषध सुरू केलं. इओसिनोफिलला वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-५ ला अडवणारं मेपोलिझुमॅब ईजीपीएसाठी अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झालं. दर चार आठवड्यांनी ३०० मि.ग्रॅ. असं ते द्यावं लागतं; तिच्या घरच्या उत्पन्नात ते बसत नाही. शिवाय ज्या चाचणीवर ती मान्यता उभी आहे, तिच्यात जिवाला धोका असलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते. पुढे आजार उलटला तर मात्र ते मिळवण्यासाठी धडपड करावी लागेल. वॉरफरिन सहा महिन्यांनी थांबवलं.

दहाव्या महिन्यात ती आली तेव्हा प्रेडनिसोलोन ७.५ मि.ग्रॅ. वर होतं, इओसिनोफिल २१०, नाडी ७८. करंगळीत संवेदना परतली आहे. उजवा पंजा अर्धाच उचलला जातो, म्हणून बुटात प्लॅस्टिकची पट्टी घालून चालते. नवऱ्याने शिलाई मशीनला मोटर बसवून दिली आहे आणि मोटरचा दाबा ती डाव्या पायाने दाबायला शिकली आहे. जाताना पिशवीतून तिने एक कापडी थैली काढून दिली, तिसऱ्या एमआरआयच्या फिल्म आणि सीडी ठेवायला. आतून अस्तर लावलेलं होतं.